एच.एम.एस. विल्टन: प्लास्टिकच्या माईनहंटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्टनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘प्लास्टिकचं? युद्धजहाज?’ त्यानंतरचे प्रश्नही आता जवळजवळ पाठ झालेत. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. प्रश्नांना आकडे दिलेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे.

१. विल्टन म्हणजे नेमकं कुठलं जहाज?

ब्रिटिश नौदलाचं सुरुंगशोधक जहाज. साउदॅम्प्टनजवळ वूल्स्टन इथल्या व्हॉस्पर थॉर्नीक्रॉफ्टच्या गोदीत बांधलेलं, १८ जानेवारी १९७२ ला पाण्यात उतरलेलं आणि १४ जुलै १९७३ ला नौदलात दाखल झालेलं. अंगावरचा क्रमांक एम १११६. लांबी साधारण ४६ मीटर, म्हणजे मुंबईच्या लोकलच्या दोन डब्यांपेक्षा थोडी जास्त. वजन साडेचारशे टनांच्या आसपास, माणसं चाळिसाच्या आत, आणि हत्यार म्हणाल तर पुढे एक ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ. लढाईत शत्रूवर चालून जाणारं हे जहाज नव्हेच. लढाऊ जहाजांची आणि व्यापारी बोटींची वाट मोकळी करून द्यायची, एवढंच त्याचं काम.

२. माईनहंटर आणि माईनस्वीपर एकच ना? मराठी बातम्यांत दोन्हीला ‘सुरुंगनाशक’च म्हणतात.

म्हणतात खरं, पण काम अगदी वेगळं आहे. स्वीपर झाडू मारतो. मागे लांब तारा ओढत जातो, त्या तारांना लावलेली कात्री दोरखंडाने तळाला बांधलेल्या सुरुंगांचे दोर कापते, आणि सुरुंग वर आला की त्याला गोळी घालून फोडतात. चुंबकीय किंवा आवाजावर उडणाऱ्या सुरुंगांसाठी तो मागे विजेच्या केबल आणि आवाज करणारी यंत्रं ओढतो, म्हणजे सुरुंगाला वाटावं मोठं जहाज आलं. सगळा मामला अंदाजाचा. सुरुंग नेमका कुठे आहे हे स्वीपरला ठाऊक नसतं आणि त्याची गरजही नसते.

हंटर एकेक सुरुंग हुडकतो, ओळखतो आणि निकामी करतो. गव्हातले खडे चाळणीने काढणं आणि ताटात पसरून एकेक वेचणं, हा जो फरक, तोच इथे. चाळणी भराभर चालते, पण चाळणीच्या भोकाएवढाच खडा असला तर तो खाली पडतोच. आणि नव्या सुरुंगांत मोजणी करणारी यंत्रणा असते: पहिली पाच जहाजं जाऊ द्यायची, सहाव्याला उडायचं. स्वीपर वरून चार वेळा गेला तरी असा सुरुंग शांत पडून राहतो. तिथे वेचणाराच हवा.

विल्टनचा मूळ आराखडा स्वीपरचा, पण ते बांधतानाच हंटर म्हणून बांधलं गेलं.

३. खरंच प्लास्टिकचं? म्हणजे बादलीसारखं?

बादलीसारखं नाही, मिरकरवाड्याला किंवा हर्णैला दिसणाऱ्या फायबरच्या होडीसारखं. काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर राळ, म्हणजे कारखान्याच्या भाषेत रेझिन, ओतायची, रोलर फिरवून आतली हवा दाबून काढायची, आणि ते ओलं असतानाच पुढचा थर. असे थरावर थर. होडी दुरुस्त होताना कधी जवळ उभे राहिला असाल तर तो डोक्यात जाणारा उग्र वास आणि अंगाला खाज आणणारी काचेची भुकटी आठवेल. रोलर नीट फिरला नाही तर थरांमध्ये बुडबुडा राहतो, आणि वरून गुळगुळीत दिसणारी ती जागा पुढे जोर आला की सुटते. चार-पाच मीटरच्या होडीत हे सांभाळायला अनुभवी हात लागतो. इथे ४६ मीटरचं जहाज होतं आणि त्याच्या शेजारी स्फोट होणार हे गृहीत धरलेलं होतं.

एवढं मोठं जहाज या मालातून त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. काचतंतू आणि राळेचं बांधलेलं जगातलं पहिलं युद्धजहाज म्हणून विल्टनची नोंद आहे. खलाशांनी मात्र त्याला ‘एच.एम.एस. टपरवेअर’ म्हणायला वेळ लावला नाही. आपल्याकडे हे नाव पडलं असतं तर झाकण हरवल्याचा विनोद पहिल्याच दिवशी झाला असता.

४. पण लोखंड सोडून हा खटाटोप कशाला?

चुंबकामुळे. लोखंडी जहाज बांधलं जात असतानाच पृथ्वीच्या चुंबकत्वाने थोडं चुंबक बनतं, आणि ते जिथे जाईल तिथलं चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं. तळाला पडलेल्या चुंबकीय सुरुंगातली सुई हा बदल टिपते आणि स्फोट होतो. जहाजाने सुरुंगाला शिवायचीही गरज नसते. उथळ पाण्यात तळाचा स्फोट जहाज खालून उचलतो आणि त्याचा कणाच मोडतो.

आता जे जहाज मुद्दाम सुरुंगांच्या डोक्यावरच काम करणार, ते लोखंडाचं असून कसं चालेल? म्हणून हे जहाज सुरुंगाला जवळपास ‘दिसूच’ नये, असा हट्ट. या हट्टाची सुरुवात १९३९ साली कुठल्या चिखलात झाली, ते प्रश्न १३ मध्ये.

५. लाकूड होतं की. आपली गलबतं लाकडाचीच होती.

होतं, आणि विल्टनच्या आधीची सगळी पिढी लाकडाचीच होती. ब्रिटनने १९५० च्या दशकात ‘टन’ वर्गाची शंभरावर जहाजं बांधली. ॲल्युमिनियमच्या फासळ्या आणि त्यांवर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर. उत्तम जहाजं. पण लाकूड पोखरणारे समुद्री किडे, फळ्यांच्या सांध्यांची सततची देखभाल, चांगल्या महोगनीची वाढती किंमत आणि कमी होत चाललेले सुतार, या सगळ्याला नौदल कंटाळलं. कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला हे वेगळं सांगायला नको. तोही याच कारणांनी लाकडावरून फायबरवर आला.

६. मग विल्टनवर लोखंड अजिबात नव्हतं?

होतं. तोफ प्लास्टिकची करता येत नाही. इंजिनाचे काही भाग, भटारखान्यातली भांडी, खलाशांच्या खिशातल्या किल्ल्या, सगळ्यात थोडंथोडं लोखंड असतंच. म्हणून अशा जहाजावर केबलची वेटोळी बसवतात आणि त्यांतून वीज सोडून उरलेलं चुंबकत्व उलट्या दिशेने मारतात. जहाज ठरावीक काळाने मोजणीच्या पट्ट्यावरून नेऊन त्याची चुंबकीय ‘सही’ तपासतात. कुणी नवं कपाट परस्पर बसवलं तर त्याचाही हिशेब द्यावा लागतो.

इंजिनं हा वेगळाच किस्सा. विल्टनला दोन नेपियर डेल्टिक डिझेल इंजिनं होती, तीही नवी नव्हती. भंगारात निघालेल्या ‘डेरिटन’ या जुन्या टन वर्गाच्या जहाजातली यंत्रसामग्री काढून इथे बसवली. नवं कवच, जुनं पोट. उद्देश प्लास्टिक तपासण्याचा होता, मग इंजिनावर खर्च कशाला? डेल्टिकची रचना बघण्यासारखी आहे: सिलिंडर त्रिकोणात मांडलेले, तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन. ग्रीक डेल्टा अक्षरावरून नाव. अंगाने हलकं, चुंबकत्वात सौम्य, आणि दुरुस्तीला महाकटकटीचं. याच घराण्यातल्या इंजिनांवर ब्रिटनमध्ये आगगाड्याही धावल्या.

आणि चुंबकत्व मेलं म्हणजे धोका संपला असं नाही. आवाजावर उडणारे सुरुंग असतात, पाण्याच्या दाबातला बदल ओळखणारे असतात, आणि शिवलं की उडणारे जुने शिंगवाले तर आहेतच. त्यांच्यापुढे प्लास्टिकचा काही उपयोग नाही. तिथे आवाज कमी ठेवणं, हळू चालणं आणि सुरुंगाच्या वर जायच्या आधीच तो पाहणं हेच उपाय (प्रश्न ८).

७. प्लास्टिक पेटत नाही?

पेटतं. राळ जळते आणि धूर भयंकर होतो. पण जाड कवचात एक गुण आहे: उष्णता पलीकडे जात नाही. लोखंडी भिंतीच्या एका बाजूला आग लागली की दुसऱ्या बाजूचा रंग भाजून निघतो. इथे वरचे थर जळून काचेचं कापड तेवढं उरतं आणि तेच आतल्या थरांवर पांघरुणासारखं बसतं. त्यामुळे आग वेळेत विझवली तर जहाज वाचतं. नाही विझली तर काय, याचं उदाहरण नॉर्वेचं ‘ओर्क्ला’. तेही सुरुंगविरोधी, तेही काचतंतूचं. नोव्हेंबर २००२ मध्ये पेटलं आणि शेवटी बुडालं.

८. सुरुंग प्रत्यक्षात शोधतात कसा?

कंटाळवाण्या पद्धतीने, हे आधी सांगतो. जहाज चालत्या माणसाच्या वेगाने, कधी त्याहून हळू, ठरवलेल्या पट्ट्यातून जातं. पट्टा संपला की शेजारचा पट्टा, शेत नांगरल्यासारखा. जहाज नेमकं कुठे आहे हे चुकलं तर मध्ये न तपासलेली फट राहते, म्हणून जागेची नोंद हे निम्मं काम.

पोटाखाली सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र. टाईप १९३ हा त्या काळचा ब्रिटिश संच. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसलेला माणूस तळावरून येणारा प्रतिध्वनी पाहत असतो. काही दिसलं की आधी प्रश्न ‘आहे का?’ आणि मग ‘काय आहे?’ दुसऱ्या प्रश्नाला प्रतिध्वनीपेक्षा सावली जास्त उपयोगी पडते. तळावरची वस्तू सोनारचा आवाज अडवते आणि तिच्यामागे काळा पट्टा पडतो. दगडाची सावली वेडीवाकडी, पिंपाची सरळ काठांची. अडचण अशी की सुरुंगाची सावलीही पिंपासारखीच असते, आणि समुद्रतळावर पिंपं माणसाने भरपूर टाकलेली आहेत.

मग रबरी होडीतून पाणबुडे जातात. त्यांचं श्वासाचं उपकरणही वेगळं: चुंबकत्व अगदी कमी, आणि बुडबुडे शक्य तितके थोडे, कारण बुडबुड्यांचा आवाजही सुरुंगाला ऐकू जाऊ शकतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. पाणबुडा हाताने चाचपून ठरवतो की हे पिंप आहे, नांगर आहे, की जे शोधतोय तेच आहे. तेच निघालं तर शेजारी स्फोटकाचा डबा ठेवून सगळे लांब जातात. बहुतेक वेळा ते निघतं पिंप.

९. सुएझ कालव्याशी विल्टनचा काय संबंध?

ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी, आणि आपल्याशी थेट जोडलेली. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो आठ वर्षं. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या बोटीला आफ्रिकेला वळसा घालावा लागे, म्हणजे सुमारे साडेचार हजार सागरी मैल जास्त. ते भाडं शेवटी मुंबईच्या बाजारात कुणाच्या माथी पडत होतं हे सांगायला नको.

१९७३ च्या युद्धानंतर कालवा साफ करायचं ठरलं आणि १९७४ मध्ये इजिप्तच्या विनंतीवरून अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सची पथकं आली. अमेरिकनांनी हेलिकॉप्टरमागे चुंबकीय यंत्रं ओढून आधी ‘झाडू’ मारला. ब्रिटनकडून ‘मॅक्स्टन’, ‘बॉसिंग्टन’ आणि ‘विल्टन’ ही तीन जहाजं, मदतीला ‘अब्डिएल’, आणि पाणबुड्यांचं पथक. विल्टन नौदलात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन लाकडी म्हाताऱ्या आणि ही एक प्लास्टिकची नवी नवरी.

प्रश्न २ मधला फरक इथे नीट कळतो. कालव्याच्या तळाशी सुरुंगांपेक्षा न फुटलेले बॉम्ब, तोफगोळे, मोडलेले तरंगते पूल आणि वाहनं जास्त होती. न फुटलेल्या बॉम्बला चुंबकीय झाडूचं काही देणंघेणं नसतं. तो एकेक हुडकावाच लागतो. सोनारवर जे जे दिसेल ते ते कुणीतरी खाली जाऊन हाताने पाहायचं, आणि हे दीडशेहून जास्त किलोमीटरभर. शिवाय दहा बुडवलेली जहाजं आडवी पडली होती, ती काढण्याचं काम वेगळं. ५ जून १९७५ ला कालवा पुन्हा उघडला.

१०. १९८४ च्या लाल समुद्रातल्या स्फोटांमध्ये विल्टन होतं का?

होतं. त्या वर्षी जुलैपासून सुएझचं आखात आणि लाल समुद्रात एकापाठोपाठ एक व्यापारी जहाजांखाली स्फोट होऊ लागले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १९ जहाजांना इजा झाली. संशय लिबियाच्या ‘घाट’ नावाच्या मालवाहू बोटीवर होता. इजिप्तने मदत मागितली आणि ब्रिटनने पाठवलेल्या माईनहंटरमध्ये विल्टन होतं. तळावर जुन्या युद्धांचा कचरा पुन्हा तसाच. त्यातून ब्रिटिश पथकाला सोव्हिएत बनावटीचा एक नवा सुरुंग सापडला आणि पाणबुड्यांनी तो न फोडता निकामी केला. न फोडता, हे महत्त्वाचं. फोडलेला सुरुंग काही सांगत नाही.

११. आणि फॉकलंड? आखाती युद्ध? हे तर हंट वर्गाचं जहाज ना?

तीन गैरसमज एकत्र आलेत. फॉकलंडला विल्टन गेलं नाही. तिथे आधी मासेमारीचे मोठे ट्रॉलर घाईघाईने स्वीपर बनवून पाठवले होते आणि युद्ध थांबल्यावर ‘ब्रेकन’ व ‘लेडबरी’ गेली. १९९१ च्या आखाती युद्धातही ‘लेडबरी’, ‘ॲथरस्टोन’, ‘कॅटिस्टॉक’ वगैरे होती, विल्टन नव्हतं.

वरची सगळी नावं हंट वर्गातली, म्हणजे विल्टननंतर बांधलेल्या माईनहंटरची. विल्टन त्यांचं मावस भावंड म्हणा, सख्खं नाही. त्याचा आराखडा लाकडी टन वर्गाचा. टन वर्गातली नावं ‘-टन’ने संपणाऱ्या गावांची, आणि विल्टन हे नाव त्यात चपखल बसतं. घोळ यासाठी होतो की ‘विल्टन हंट’ नावाची कोल्ह्याची शिकार करणारी मंडळीही इंग्लंडमध्ये होती आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावरून नाव दिलेली ‘विल्टन’ विनाशिका खरोखरच तेव्हाच्या हंट वर्गातली होती. नाव तेच, जहाज वेगळं. जुन्या नोंदींत एल १२८ क्रमांक दिसला की समजा ती विनाशिका. आपलं एम १११६.

प्लास्टिकच्या टन आराखड्याची दुसरी प्रत निघाली नाही. विल्टनवरून माल टिकतो हे कळलं, आणि त्या अनुभवावर ६० मीटरच्या हंट वर्गाची १३ जहाजं नव्याने आखली गेली. चाचणीची पोळी नेहमी तव्यावर एकटीच असते.

१२. भारताकडे अशी जहाजं आहेत?

विल्टनची लाकडी भावंडं होती. १९५६ च्या सुमारास टन वर्गाची चार जहाजं भारताने घेतली आणि त्यांना कारवार, काकीनाडा, कन्नूर, कडलूर अशी बंदरांची नावं दिली. ‘ओव्हर्टन’चं ‘कारवार’ झालं. पुढे सोव्हिएत युनियनकडून १२ स्वीपर आली, त्यांत ‘कोकण’ आणि ‘रत्नागिरी’ही. त्यातल्या नव्या ‘कारवार’ आणि ‘काकीनाडा’ यांना ९ मे २०१७ ला मुंबईत निरोप दिला गेला. शेवटचं ‘कोळिकोड’ एप्रिल २०१९ मध्ये गेलं, आणि तेव्हापासून या कामासाठी खास बांधलेलं एकही जहाज नौदलात नाही.

गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या कंपनीच्या तंत्रज्ञानावर १२ माईनहंटर बांधायचं ठरलं होतं, अंदाज ३२,००० कोटींचा. २०१८ मध्ये ते बोलणं मोडलं. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांच्या गरजेला पुन्हा मान्यता दिली. जेएनपीटी, मुंबई हायच्या तेलविहिरी आणि आत येणारे अरुंद मार्ग एकाच किनाऱ्यावर असताना ही रिकामी जागा मला तरी अस्वस्थ करते.

१३. विल्टन आता कुठे आहे? भंगारात?

नाही. १९९४ ला निवृत्त झालं आणि २००१ मध्ये एसेक्स यॉट क्लबने ते विकत घेतलं. लंडनच्या पूर्वेला, थेम्सच्या मुखाशी, ली-ऑन-सी नावाचं गाव आहे. तिथे ते क्लबचं मुख्यालय म्हणून उभं आहे. शिडाच्या होड्या हाकणारी मंडळी आता तिथे बसतात. भरतीला ते तरंगणाऱ्या जहाजासारखं दिसतं. ओहोटीला पाणी दूर जातं आणि भोवती नुसता करडा चिखल उरतो. शिवडीचं खाजण पाहिलेल्याला चटकन ओळखीचं वाटेल असा.

प्रश्न ४ मधला चिखल याच किनाऱ्यावरचा. तिथून दहा-बारा किलोमीटर पूर्वेला शूबरीनेस आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश जहाजं कशाने बुडताहेत हे कुणाला उमगत नव्हतं. २२ तारखेच्या रात्री एका जर्मन विमानाने टाकलेला चुंबकीय सुरुंग खोल पाण्याऐवजी शूबरीनेसच्या चिखलात पडला आणि ओहोटीला उघडा झाला. २३ तारखेला लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी आणि चीफ पेटी ऑफिसर बॉल्डविन चिखल तुडवत त्याच्याजवळ गेले. लोखंडी पाना जवळ नेणं धोक्याचं, म्हणून खास पितळेचा पाना बनवून घेतला होता. ऊव्हरीने त्या पान्याने एकेक झाकण सोडवलं. सुरुंग पोर्ट्समथला नेऊन उघडल्यावर आत चुंबकाची सुई निघाली.